दुसरा गाल पुढे करायचा म्हणजे काय?

दुसरा गाल पुढे करा, हे येशू ख्रिस्ताचे सांगणे आपल्याकडे बहुधा थट्टेनेच उच्चारले जाते. गुंड घरात शिरला तर का हात जोडून उभे राहायचे? खुद्द ख्रिस्ती लोकांतही यावर एकमत नाही. सुरुवातीच्या शतकांत अनेक ख्रिस्ती आचार्यांना शस्त्र धरणे मान्य नव्हते. पुढे रोमचे साम्राज्यच ख्रिस्ती झाले आणि संत ऑगस्टीनने काही युद्धे न्याय्य असू शकतात, असे मांडले. बहुतेक चर्चनी तेच धरले. क्वेकरांसारखे थोडे पंथ मात्र शस्त्राला नकार देत राहिले.

मूळ वचनात एक खोच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात उल्लेख आहे तो उजव्या गालाचा. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचे, तर उलट्या हातानेच मारावे लागते. काही अभ्यासकांच्या मते हा मार इजेसाठी नव्हे, मालकाने गुलामाला दिलेल्या अपमानाचा. डावा गाल पुढे केला की तसे मारता येत नाही. म्हणजे हात उगारायचा नाही, पण मानही खाली घालायची नाही. हा अर्थ पटो वा न पटो, देवळातल्या सराफांचे चौरंग उलथून टाकणारा येशू मुकाट सोसणारा नव्हता, एवढे खरे.

पुण्यातला आश्रम

आपल्या महाराष्ट्रात हा वाद प्रत्यक्ष जगला गेला. जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला. पुढे पुण्यात त्याचा आश्रम झाला. १९२७ मध्ये ऑक्सफर्डचा पंचविशीतला वेरियर एल्विन तिथे आला. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह पेटला. गांधीजींचे पत्र व्हाइसरॉयकडे नेणारा रेजिनाल्ड रेनॉल्ड्स हा इंग्रज तरुणही क्वेकर होता. सरकारची आज्ञा पाळणे हाच धर्म, असे म्हणणारे मिशनरी कमी नव्हते. एल्विनने त्याच वर्षी पुस्तक लिहून उलट सांगितले : सत्याग्रह ख्रिस्ताच्या शिकवणीला धरूनच आहे. स्वतःच्या देशाच्या राज्याविरुद्ध असे छापायला धाडस लागते!

४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईच्या मणिभवनात पोलीस आले, तेव्हा एल्विन आणि त्याचे मराठी सोबती शामराव हिवाळे तिथेच मुक्कामाला होते. गांधीजींचा मौनवार होता. त्यांनी कागदावर एल्विनसाठी लिहून दिले, की माझे तुझ्या देशबांधवांवर माझ्या माणसांइतकेच प्रेम आहे, हे तू त्यांना सांग. मग ते पोलिसांबरोबर येरवड्याला गेले.

एल्विन त्यानंतर सरहद्द प्रांतात खुदाई खिदमतगारांवरील दडपशाही पाहायला गेला. सरकारने त्याला तिथून हाकलले. त्याच वर्षी तो इंग्लंडला गेला, तेव्हा परतीची वाट अडली. राजकारणात भाग घेणार नाही, असे लिहून दिल्याखेरीज परवानगी मिळेना. त्याने सही केली.

याला माघार म्हणायचे का? जेलमध्ये गेलेल्या सत्याग्रह्यांना तसे वाटले असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. पण मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी गोंडांसाठी शाळा आणि दवाखाना नुकताच उभा राहत होता, आणि शामराव तिथे वाट पाहत होते. चर्चशी त्याचे खटके उडतच राहिले. नागपूरच्या बिशपांना एकनिष्ठेची शपथ हवी होती. ती त्याने घेतली नाही आणि १९३५ मध्ये चर्चच सोडले. करंजियाचे काम सोडले नाही.