‘हार्ट फेल’ झालेली माणसंही जगतात

पारशिवनीच्या बाजूला कुणाच्या जाण्याची बातमी बरेचदा अशी येते: “रात्री हार्ट फेल झालं, गेला.” हा शब्द आपण वर्षानुवर्षं मृत्यूला जोडूनच ऐकत आलो आहोत. त्यामुळे नागपूरच्या ‘मेडिकल’ रुग्णालयात डॉक्टरांनी कागदावर ‘हार्ट फेल्युअर’ लिहिलं की घरचे हबकतात. काही जण तिथेच आशा सोडतात. काहींना वाटतं, माणूस तर चालतो-बोलतो आहे, म्हणजे निदानच चुकलं असणार. मग गोळ्या मागे पडतात. दोन्ही चुका एकाच गैरसमजातून होतात, आणि दोन्हींत माणसं जातात. गेल्या चाळीस वर्षांत या आजारावर आयुष्य वाढवणारी औषधं सापडली आहेत. म्हणूनच हे गैरसमज एकेक करून तपासू.

गैरसमज: हार्ट फेल म्हणजे हृदय बंद पडणं.

वस्तुस्थिती: हृदय अचानक थांबतं तो कार्डिअॅक अरेस्ट. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते तो हार्ट अटॅक. हार्ट फेल्युअर या दोन्हींहून वेगळं. त्यात हृदय चालू असतं, पण स्नायू कमजोर किंवा ताठर झाल्यामुळे शरीराला लागेल तेवढं रक्त ते पुढे ढकलू शकत नाही. अटॅकमध्ये स्नायूचा काही भाग मेला, रक्तदाब वर्षानुवर्षं चढलेला राहिला, झडप बिघडली किंवा स्नायूलाच रोग झाला, की ही अवस्था येते.

आपल्याकडे धरण पाहिलेल्या माणसाला हे लवकर कळेल. नवेगाव खैरीच्या धरणातून पेंचचं पाणी पुढे कमी सुटलं की मागचा फुगवटा वाढतो. हृदयाचंही तसंच आहे. निरोगी हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे धाडतं. डावी बाजू कमी पडली की फुगवटा फुप्फुसांत येतो आणि धाप लागते. उजवी बाजू कमी पडली की पाय आणि पोट सुजतं. त्यात मूत्रपिंडांची फसगत होते. त्यांच्याकडे रक्त कमी पोचतं, तेव्हा शरीरातलं पाणीच घटलं असं धरून ती मीठ आणि पाणी अडवून ठेवतात. आधीच तुंबलेल्या धरणात आणखी भर पडते.

गैरसमज: वय झालं की दम लागणारच, आणि पाय सुजतात ते वातानं.

वस्तुस्थिती: आडवं पडलं की धाप लागते आणि दोन-तीन उशा लागतात. मध्यरात्री गुदमरून जाग येते, उठून बसल्यावर बरं वाटतं. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो आणि नडगीवर बोटानं दाबलं तर खळगा तसाच राहतो. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढतं. ही लक्षणं म्हातारपणाच्या नावावर खपवू नयेत. कारण दुसरंही असू शकतं, पण ईसीजी, टू-डी इको आणि एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी केली की बरंचसं चित्र स्पष्ट होतं.

हा फक्त म्हाताऱ्यांचा आजारही नाही. देशातल्या 53 रुग्णालयांनी मिळून 10,851 रुग्णांची राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदवही तयार केली. त्यातल्या रुग्णांचं सरासरी वय साठच्या आसपास होतं, म्हणजे अनेक जण त्याहून तरुण होते. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत काही बायकांच्या हृदयाचा स्नायू कमजोर होतो. बाळंतिणीला आडवं पडल्यावर धाप लागत असेल, तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून थांबू नये. काही घरांत हा आजार रक्ताच्या नात्यानं येतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या संशोधकांनी 2009 मध्ये हृदयस्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकातला असा बदल दाखवला, जो भारतीय उपखंडातल्या सुमारे 4 टक्के लोकांत आढळतो. तो असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही. पण घरात कुणाला तरुणपणी हृदयस्नायूचा आजार झाला असेल, तर भावंडांची आणि मुलांची तपासणी करून घ्यावी.

गैरसमज: रिपोर्टात ‘ईएफ 35’ म्हणजे हृदय 35 टक्केच उरलं.

वस्तुस्थिती: डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर पडतं, ते ईएफ सांगतो. निरोगी हृदयही कप्पा पूर्ण रिकामा करत नाही. साधारण 55 ते 70 टक्केच रक्त बाहेर टाकतं. त्यामुळे 35 हा आकडा शंभरातून नव्हे, साठाच्या आसपासच्या आकड्याशी ताडून पाहायचा. उलट बाजूही ध्यानात ठेवावी. ईएफ 60 असूनही हार्ट फेल्युअर असू शकतं. स्नायू ताठर झाला की तो आकुंचन नीट पावतो, पण सैल पडून भरून घेत नाही. रक्तदाब, मधुमेह आणि लठ्ठपणा असलेल्यांत हा प्रकार बराच दिसतो.

गैरसमज: अशक्तपणा आला की एक सलाईन लावलं की ताकद येते.

वस्तुस्थिती: “एक सलाईन लावून द्या ना जी डॉक्टर,” हे आपल्याकडचं नेहमीचं मागणं. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. म्हणजे एका बाटलीत जवळजवळ दिवसभराचं मीठ, तेही थेट शिरेतून. हृदय आधीच फुगवट्याशी झगडत असताना हे पाणी फुप्फुसांत उतरू शकतं आणि तासाभरात माणूस घाबराघुबरा होऊ शकतो. या आजारातला अशक्तपणा पाणी घटल्यामुळे क्वचितच येतो, बहुतेकदा तो हृदय पुरेसं रक्त पुढे ढकलत नाही म्हणून येतो. हगवण-उलटी झाली किंवा मे महिन्याचं ऊन लागलं, तर मात्र पाणी खरंच घटू शकतं. अशा दिवसांत साचलेलं पाणी बाहेर काढणाऱ्या लघवीच्या गोळीचा डोस बदलावा लागू शकतो. तो घरी ठरवू नये, डॉक्टरांना विचारून बदलावा.

हाच धोका दुखण्याच्या गोळ्यांचा. रोवणी झाली, कापूस वेचून कंबर धरली, की मेडिकल स्टोअरमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणलं जातं. या गोळ्या मूत्रपिंडांना मीठ-पाणी अडवायला लावतात आणि लघवीच्या गोळीचा परिणाम कमी करतात. हार्ट फेल्युअरच्या रुग्णानं दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. ताटातलं लोणचं, पापड आणि फरसाणही कमी करावं.

गैरसमज: हृदय कमजोर आहे, तर ठोके मंदावणारी गोळी कशाला?

वस्तुस्थिती: एकेकाळी हाच प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. कमजोर हृदयाला बीटा-ब्लॉकर देणं धोक्याचं मानलं जाई. 1975 मध्ये स्वीडनमधल्या योतेबोरी शहरात फिन वागस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयस्नायू फार कमजोर झालेल्या सात रुग्णांना ही औषधं दिल्याचं आणि त्यांची प्रकृती सुधारल्याचं प्रसिद्ध केलं. पुष्कळांचा विश्वास बसला नाही. पुढे चोवीस वर्षांनी, 1999 मध्ये, बिसोप्रोलॉलची 2,647 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात मृत्यूंचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं घटलं होतं. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधीच थांबवली गेली.

कारण असं, की हृदय कमी पडू लागलं की शरीर अॅड्रिनलिनसारखी द्रव्यं सोडून त्याला हाकत राहतं. थकलेल्या बैलाला तुतारी टोचत राहावं तसं. काही दिवस नांगर चालतो, मग बैल बसतो. बीटा-ब्लॉकर ती तुतारी काढून घेतो. स्नायूला विसावा मिळतो आणि महिन्यांनी त्याची ताकद वाढते. म्हणून हे औषध छोट्या डोसानं सुरू करून हळूहळू वाढवतात. डॉक्टरांनी डोस वाढवला म्हणजे आजार बळावला, असं समजू नका. चाचण्यांत ज्या डोसानं जीव वाचले, तिथपर्यंत पोचण्याची ती वाट असते.

गैरसमज: मला शुगर नाही, मग शुगरची गोळी का?

वस्तुस्थिती: डापाग्लिफ्लोझिन मधुमेहासाठीच आलं. पण 2019 च्या 4,744 रुग्णांच्या चाचणीत निम्म्याहून अधिक जणांना मधुमेह नव्हता, तरी फायदा दोन्ही गटांना सारखाच झाला. आजार बळावणं किंवा हृदयविकारानं मृत्यू येणं, यांचं एकत्रित प्रमाण 26 टक्क्यांनी घटलं. भारतात या औषधाचं पेटंट 2020 मध्ये संपलं आणि ते स्वस्त झालं. आता कमी ईएफच्या आजारात चार प्रकारची औषधं मिळून देतात: रक्तवाहिन्या सैल करणारं एनालाप्रिलसारखं किंवा सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनसारखं औषध, बीटा-ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोनसारखं औषध आणि हे चौथं. लघवीची गोळी सूज उतरवते. या चार गोळ्या आयुष्य वाढवतात.

गैरसमज: बरं वाटतंय, ईएफही वाढला, म्हणजे औषध बंद.

वस्तुस्थिती: नेमकं हेच लंडनच्या डॉक्टरांनी तपासलं. हृदय सुधारलेले 51 रुग्ण घेऊन त्यांतल्या 25 जणांची औषधं त्यांनी देखरेखीखाली हळूहळू बंद केली. सहा महिन्यांत 11 जणांचं हृदय पुन्हा बिघडलं. औषध चालू ठेवलेल्यांत एकाचंही बिघडलं नाही. हृदयाच्या पेशी फार थोड्या नव्यानं बनतात. स्वीडनमधल्या संशोधनानुसार पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का, आणि वयाबरोबर त्याहूनही कमी. म्हणून सुधारणा होते ती मुख्यतः उरलेल्या पेशींना औषधांनी दिलेल्या आधारावर. तो आधार काढला की पुन्हा घसरण.

गैरसमज: हृदयाचा रुग्ण म्हणजे खाटेवर आराम.

वस्तुस्थिती: धाप आणि सूज जास्त असताना आराम हवाच. पण प्रकृती स्थिरावल्यावर रोज थोडं चालणं फायद्याचं. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 2,331 रुग्णांच्या चाचणीत ठरवून दिलेला व्यायाम सुरक्षित ठरला. बोलता बोलता चालता येईल, इतका वेग पुरे. किती चालायचं, ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं.

राष्ट्रीय नोंदवहीतली सगळ्यांत जिव्हारी लागणारी गोष्ट शेवटी सांगतो. रुग्णालयात आलेल्या दर सात जणांपैकी जवळजवळ एक जण 90 दिवसांत दगावला, आणि कमी ईएफ असलेल्या निम्म्याहून अधिक जणांना शिफारस केलेली औषधं पूर्ण मिळत नव्हती. औषधं आहेत, ती माणसांपर्यंत पोचत नाहीत.

हे अंतर घरातूनही कमी करता येतं. एक वजनकाटा आणि एक वही ठेवा. रोज सकाळी लघवीनंतर, खाण्याआधी वजन करून लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर त्याच दिवशी दाखवा. एकाएकी खूप धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर 108 ला फोन करा. आणि कागदावर ‘हार्ट फेल्युअर’ लिहिलेलं दिसलं की डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: माझा ईएफ किती आहे? चारपैकी कोणती औषधं सुरू आहेत आणि कोणती का नाहीत? पुन्हा कधी यायचं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा. ज्याला पुढची तारीख मिळाली आहे, त्याच्याबद्दल “हार्ट फेल झालं, गेला” असं कुणी म्हणू नये.