भारताची पहिली फेरी उसाच्या फडात हरते

दिल्ली दरवाजाजवळच्या मैदानाला बाबासाहेबांचे नाव आहे. डॉ. आंबेडकर स्टेडियम. २८ जुलै २०११ रोजी याच मैदानावर भारताचा फुटबॉल संघ संयुक्त अरब अमिरातीशी विश्वचषकाच्या पात्रता फेरीतील परतीचा सामना खेळला. अमिरातीतला पहिला सामना भारताने ०-३ असा गमावला होता. दिल्लीत २-२ अशी बरोबरी झाली आणि २०१४ च्या विश्वचषकाचे दार तीन वर्षे आधीच बंद झाले. त्याच्या चार वर्षे आधी, २००७ मध्ये, लेबनॉनने भारताला पहिल्याच फेरीत बाहेर काढले होते. २०१५ मध्ये नेपाळला हरवून भारत पुढच्या फेरीत गेला खरा. पण तिथे १६ जून रोजी ग्वाम नावाच्या चिमुकल्या बेटाने आपल्याला २-१ असे हरवले. २०२४ मध्ये गुवाहाटीत, आपल्याच मैदानावर, अफगाणिस्तानने तोच आकडा पुन्हा दाखवला.

ग्वामची लोकसंख्या दीड-पावणेदोन लाख. आपल्या एकट्या बीड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २५ लाख ८५ हजार. म्हणजे ग्वामच्या सुमारे पंधरा पट! ग्वामच्या संघात अमेरिकेत घडलेले खेळाडू होते, हे मान्य. मग आइसलँड घ्या. साडेतीन लाखांच्या आत-बाहेर लोकवस्तीचा हा बर्फाळ देश २०१८ चा विश्वचषक खेळला. त्यांनी छपराखालची मैदाने बांधली आणि लहान मुलांना शिकवण्यासाठीही प्रशिक्षित माणसे नेमली. मुले कुठे आहेत हे त्यांना ठाऊक होते. आम्हांला ठाऊक आहे काय?

भारत का हरतो, याची ठरलेली उत्तरे आहेत. क्रिकेटने सगळे खाल्ले, महासंघात राजकारण आहे, पैसा नाही. ही उत्तरे खोटी नाहीत, पण ती वरच्या मजल्यावरची आहेत. आंतरराष्ट्रीय स्पर्धेची खरी पहिली फेरी दोहा किंवा दिल्लीत होत नाही. ती तालुक्याच्या मैदानावर होते.

शालेय फुटबॉलची देशातली सर्वांत मानाची स्पर्धा म्हणजे सुब्रतो मुखर्जी चषक. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने १९६० मध्ये ती सुरू झाली. परदेशातील शाळांचे संघही येऊ लागल्याने ती आंतरराष्ट्रीय म्हणून ओळखली जाते. बायचुंग भुतिया १९९२ मध्ये याच स्पर्धेत सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि पुढे भारताचा कर्णधार झाला. या स्पर्धेचे अंतिम सामने कित्येक वर्षे त्याच डॉ. आंबेडकर स्टेडियमवर झाले. तिथे पोचण्याची पायवाट मात्र आपल्या गावातून निघते. शाळा, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग देश. बाद पद्धत. एकदा हरलात की घरी.

बीडच्या पोराला ही पायवाट का सापडत नाही? वेळापत्रक पाहा. शाळा जूनमध्ये उघडतात आणि या स्पर्धेच्या सुरुवातीच्या फेऱ्या पावसाळ्यात होतात. त्या वेळी पोरे गावातच असतात. पण संघ पावसाळ्यात तयार होत नसतो. तो आधीच्या हिवाळ्यात घडावा लागतो. आणि दसरा-दिवाळी झाली की बीडमधून मुकादमाच्या टोळ्या ट्रकमध्ये भरून निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिथे कारखाना तिथे फड. आई-बापाने उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. मागे पोराला सांभाळणारे कोणी नसेल तर पोरही जाते. कोपीवर राहते, धाकट्या भावंडाला खेळवते, वाढे वेचते. आजी-आजोबांकडे राहिले, तर शाळा सुटल्यावर घर आणि जनावरे त्याच्याच अंगावर. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, शाळेच्या हजेरीपटावर नाव असते, मैदानावर मूल नसते. जुलैत नोटीस येते तेव्हा पी.टी.चे सर हाताला लागतील ते अकरा गोळा करतात. ज्यांनी सहा महिने एकमेकांना चेंडू दिलेला नाही, त्यांचा कुठला आला संघ?

कोणी म्हणेल, बीडने खेळाडू दिले नाहीत का? दिले, आणि अभिमानाने सांगावेत असे दिले. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्ण घेऊन आला. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे गरीब शेतकऱ्याच्या घरातला. तो सैन्यात भरती झाला तो महार रेजिमेंटमध्ये, पाचव्या बटालियनमध्ये. २०२२ मध्ये राष्ट्रकुलचे रौप्य, २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेचे सुवर्ण आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी. तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष.

पण या दोन नावांतच आपले उत्तर दडलेले आहे. एकजण धावतो, दुसरा कुस्ती खेळतो. एकटा माणूस जिद्दीने रस्ता काढू शकतो. रस्त्यावर धावायला दहा सोबती लागत नाहीत. फुटबॉलला लागतात. अकरा मुले वर्षभर एका ठिकाणी राहिली, एकत्र जेवली, एकत्र भांडली, तरच संघ होतो. जो जिल्हा दरवर्षी अर्धे वर्ष उठून दुसऱ्याच्या शेतात जातो, त्या जिल्ह्यातून एखादा धावपटू निघेल, पण संघ निघणार नाही. हा बीडच्या पोरांच्या पायांचा दोष नाही, त्यांच्या आई-बापावर लादलेल्या स्थलांतराचा दोष आहे.

नागपूरकडे पाहा. विजय बारसे सरांना पावसात फुटकी बादली लाथाडणारी झोपडपट्टीतली पोरे दिसली आणि २००१ मध्ये त्यांनी झोपडपट्टी फुटबॉल सुरू केले. त्या मैदानातून पोरे बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली. नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये 'झुंड' हा चित्रपट त्यावरच केला. तिथे दारिद्र्य होते, व्यसने होती, पोलीस होते. पण वस्ती जागेवर होती! आज खेळलेले पोर उद्या त्याच मैदानावर भेटत होते. बीडच्या पोराला एवढेही नशिबी नाही.

ऊसतोडीत सगळ्या जातींची माणसे आहेत. वंजारी, बंजारा, मराठा, बौद्ध, मातंग. कोयत्याखाली सगळ्यांचेच हात सोलतात. तरी ज्याच्याकडे परतायला दोन एकर तरी आहे आणि ज्याच्याकडे काहीच नाही, यांच्यातला फरक आम्ही विसरता कामा नये. भूमिहीन दलिताला एखादे वर्षही चुकवता येत नाही.

मुलींची गोष्ट तर याहून कठीण. या स्पर्धेत मुलींसाठी सतरा वर्षांखालील गट आहे. आणि नेमक्या याच वयात बीडमध्ये मुलीचे लग्न उरकले जाते, कारण फडावर वयात आलेली पोर नेणे आई-बापाला भीतीचे वाटते आणि नवरा-बायकोची जोडी झाली की एक कोयता वाढतो. ज्या वयात तिने बचावफळी सांभाळायची, त्या वयात ती मोळी उचलते. दुसरीकडे जुलै २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असे हरवले आणि पात्रता फेरी खेळून आशियाई स्पर्धेत प्रथमच जागा मिळवली. पुरुष अडखळत असताना मुलींनी दार उघडले. त्या दारातून बीडची मुलगी का जाऊ नये?

सरकारने काहीच केले नाही असे नाही. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यात दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळण्याचा उपक्रम झाला, शाळांना चेंडू वाटले गेले. एक दिवस! चेंडू कपाटात गेले, शिकवणारा आलाच नाही. खेळाचा संबंध केवळ हौसेशी नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावीला वाढीव गुण आहेत. त्यासाठी बोगस प्रमाणपत्रे काढणाऱ्यांची प्रकरणेही राज्याने पाहिली. म्हणजे ज्याला खेळायची गरज नाही तो कागद मिळवतो आणि ज्याच्या पायात खेळ आहे तो फडावर पाचट तुडवतो.

मग करायचे काय? नवे काही मागायची गरज नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे २०२१ मध्ये मंजूर झाली. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींच्या शासकीय निवासी शाळा आहेत, समाजकल्याणची वसतिगृहे आहेत. बीडमध्ये मुले हिवाळाभर एका जागी राहतात ती फक्त इथेच. या प्रत्येक ठिकाणी एक मैदान, एक प्रशिक्षक आणि बूट द्यावेत. प्रत्येक निवासी शाळेचा मुलांचा व मुलींचा संघ तालुका फेरीत उतरवणे सक्तीचे करावे. वयाच्या दाखल्याअभावी एकही नाव गळू नये, ही जबाबदारी मुख्याध्यापकांवर टाकावी.

आणि आमच्या कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीतून एखाद्या वसतिगृहाला चेंडू व जाळी घेऊन द्यावी. दसऱ्याला टोळ्या निघण्याआधी वस्तीवर जाऊन किती मुले मागे राहू शकतील याची यादी करावी आणि ती घेऊन गृहपालाच्या दारात उभे राहावे. पुढच्या जुलैची तालुका फेरी त्या यादीवर ठरणार आहे.