अंगठा घेत नाही म्हणजे नेमके काय होते?

दरवर्षी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की अर्धापुरातील ऑनलाइन केंद्रांपुढे मुलामुलींची गर्दी होते. अर्ज भरताना अडलेली मुले आमच्याकडे येतात आणि आम्ही जमेल तशी मदत करतो. मागे अशीच बारावीची एक मुलगी आईला घेऊन आली. आधारला जोडलेला मोबाइल नंबर केव्हाच बंद पडला होता, त्यामुळे ओटीपीचा मार्ग नव्हता. महाडीबीटीच्या पानावर अंगठा लावूनच ओळख पटवायची होती. केंद्रावरून तिला तीनदा परत पाठवले होते. "हळदीच्या कामानं बोटं घासलीत तुझी, अंगठा घेईना," असे तिला सांगण्यात आले. आईची तीन दिवसांची मजुरी बुडाली होती आणि मुदत संपायला चार दिवस उरले होते.

आम्ही सोबत गेलो. पडद्यावर बारीक अक्षरात ७२० हा आकडा येत होता. त्याचा अर्थ 'यंत्र तयार नाही' एवढाच. बोटांशी त्याचा काहीही संबंध नाही. विंडोज अद्ययावत झाल्यापासून अंगठ्याच्या यंत्राचा प्रोग्रॅम बंदच पडून होता, आणि बाकीच्या मुलांचे ओटीपीवर भागत असल्याने ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते. प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. अंगठा पहिल्याच वेळी उठला.

केंद्रचालकाच्या मनात वाईट काही नव्हते. पान आणि यंत्र यांच्यामध्ये काय घडते हे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते. तेच येथे सांगावे असे आम्ही ठरवले.

इंटरनेटवरील कोणतेही पान उघडले की त्यासोबत जावास्क्रिप्ट या भाषेतल्या सूचना येतात. बटण दाबले की काय करायचे, रकाना रिकामा असेल तर काय म्हणायचे, हे सारे त्या सूचना करतात. त्या साध्या मजकुरासारख्या येतात आणि ब्राउझर त्या समजून घेऊन अमलात आणतो. कंपाइल केलेला प्रोग्रॅम वेगळा. तो आधीच यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवलेला असतो, आपल्या संगणकावर बसवावा लागतो, आणि एकदा बसला की यूएसबीला जोडलेल्या यंत्राशी, फायलींशी, छपाई यंत्राशी थेट बोलू शकतो. पानातल्या सूचनांना ही मुभा ब्राउझर देत नाही, आणि ते योग्यच आहे. कुठल्याही अनोळखी पानाला आपल्या संगणकातील फायली चाळता आल्या असत्या तर काय झाले असते याची कल्पना केलेली बरी.

परंतु काही कामे अशी असतात की पानाला यंत्रापर्यंत पोहोचावेच लागते. मग पानाने कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमला हाक कशी मारायची?

पहिली रीत १९९०च्या दशकातली. १९९५ साली जावा ऍपलेट आले. हा पानाच्या आतच चालणारा, आधी कंपाइल करून ठेवलेला छोटा प्रोग्रॅम होता. १९९६ साली नेटस्केप नॅव्हिगेटरच्या तिसऱ्या आवृत्तीत अशी सोय झाली की पानातली जावास्क्रिप्ट ऍपलेटमधील कामाला नावाने हाक मारी आणि ऍपलेट उलट उत्तर देई. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ऍक्टिव्हएक्स आणले. ते तर अधिकच मोकळे होते. वापरणाऱ्याने एकदा 'होय' म्हटले की तो प्रोग्रॅम संगणकात काहीही करू शके. आपल्याकडे ज्यांनी राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर निविदा भरल्या आहेत त्यांना हा काळ आठवत असेल. डिजिटल सहीची किल्ली यूएसबीला लावायची आणि जावाची खिडकी उघडण्याची वाट पाहायची. खिडकी उघडली नाही तर बयाणा रक्कम भरूनही निविदा राहून जायची.

या मोकळेपणाचा फायदा चोरांनीही घेतला. ऍपलेट आणि ऍक्टिव्हएक्समधील फटींतून विषाणू शिरू लागले, तेव्हा ब्राउझरवाल्यांनी दारेच बंद केली. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये हे जुने प्लगइन काढून टाकले, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. इंटरनेट एक्सप्लोररचा आधार जून २०२२ मध्ये संपला.

त्यानंतर दोन वाटा झाल्या. पहिली वेबअसेम्ब्ली. २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत ती आली आणि डिसेंबर २०१९ मध्ये तिला अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. सी किंवा रस्ट अशा भाषांत लिहिलेला प्रोग्रॅम कंपाइल करून पानासोबतच पाठवायचा आणि जावास्क्रिप्टने त्यातील कामांना नावाने हाक मारायची, अशी ही सोय आहे. वेग चांगला मिळतो. मात्र अडचण अशी की या हाकेतून थेट फक्त आकडे जातात. शब्द द्यायचा असेल तर तो आधी प्रोग्रॅमच्या स्मृतीत मांडावा लागतो आणि मग त्याचा पत्ता व लांबी, असे दोन आकडे सांगावे लागतात. आता गंमत पाहा. 'अर्धापूर' या शब्दात काना, उकार आणि रफाराचा हलन्त धरून ८ चिन्हे आहेत, पण यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे शब्दाची लांबी २४ बाइट झाली. इंग्रजी अक्षरांच्या सवयीने एखाद्याने लांबी ८ सांगितली तर पलीकडे पोहोचतो तो 'अर' आणि पुढे एक तुटका ठिपका. आपल्या मुलांपैकी कोणी हे काम शिकत असेल तर त्याने पहिली परीक्षा स्वतःच्या गावाच्या नावावर घ्यावी.

परंतु वेबअसेम्ब्लीही पानाच्या चौकटीतच राहते. अंगठ्याचे यंत्र तिला स्वतःहून दिसत नाही. तेथे दुसरी वाट लागते, आणि आपल्या रांगेतील मुलीचा प्रश्न या वाटेवरचा आहे.

आधार प्राधिकरणाने २०१७ साली नोंदणीकृत यंत्रांची पद्धत आणली. तिच्यानुसार यंत्र बनवणारी कंपनी 'आरडी सर्व्हिस' नावाचा कंपाइल केलेला प्रोग्रॅम देते. तो संगणकात सतत चालू राहून १२७.०.०.१ या पत्त्यावर कान देऊन बसतो. हा पत्ता जगात कोठेही जात नाही, त्याचा अर्थ 'हाच संगणक' असा आहे. एका इमारतीतल्या खोल्यांना क्रमांक असावेत तसे या पत्त्यावर पोर्ट असतात, आणि आरडी सर्व्हिस ११,१०० ते ११,१२० यांपैकी एका पोर्टवर सापडते. पानातली जावास्क्रिप्ट एकेक दार ठोठावत जाते आणि विचारते, आरडी सर्व्हिस आहे का? असल्यास उत्तर येते आणि त्यात स्थिती सांगितलेली असते: 'रेडी', 'नॉट रेडी' किंवा दुसऱ्याच्या वापरात. मग पान 'कॅप्चर'ची हाक मारते आणि किती बोटे घ्यायची, किती वेळ थांबायचे हे कळवते. यंत्राचा दिवा लागतो तो या क्षणी.

बोट ठेवल्यावर ठसा पानाला मिळत नाही, ही गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. आरडी सर्व्हिस त्या वेळेपुरती नवी किल्ली तयार करून ठसा कुलूपबंद करते, ती किल्ली प्राधिकरणाच्या जाहीर किल्लीने पुन्हा बंद करते आणि यंत्राची डिजिटल सही जोडते. नव्या 'एल-१' यंत्रांत हे काम यंत्राच्या पोटातच होते. पानाच्या हाती येते ते बंद पाकीट. पानाने ते पुढे पाठवायचे, उघडता मात्र येत नाही. पूर्वी साध्या यंत्रांवर ठसा संगणकात साठवून पुन्हा वापरला जाण्याची भीती होती, तिच्यावरचा हा उपाय आहे.

आता अंगठा 'घेत नाही' म्हणजे यांतील कोणती तरी पायरी तुटली. प्रोग्रॅम बंद असेल तर दारावर उत्तरच येत नाही. यंत्राच्या नोंदणीची मुदत संपली असेल, तार सैल असेल, तर यंत्र 'रेडी' होत नाही. २०२५च्या अखेरीपासून क्रोमने आणखी एक पहारा बसवला आहे: बाहेरचे पान याच संगणकातील प्रोग्रॅमला हाक मारू लागले की तो वापरणाऱ्याची परवानगी विचारतो. घाईत कोणी 'ब्लॉक' दाबले की यंत्र जोडलेले असूनही 'यंत्र सापडत नाही' असा संदेश येत राहतो. पत्त्याच्या पट्टीजवळच्या चिन्हावर जाऊन ती परवानगी पुन्हा देता येते.

काही आकडे मात्र पाठच करावेत. ७०० म्हणजे दिलेल्या वेळात बोट टिपले गेले नाही. ७१० म्हणजे दुसरा प्रोग्रॅम यंत्र वापरत आहे, त्याची खिडकी बंद करावी. ७२० आपण पाहिलाच. ७३० म्हणजे ठसा घेता आला नाही, काच पुसून दुसरे बोट लावावे. हे चारही आकडे याच टेबलावरचे आहेत. प्राधिकरणाकडे काही गेलेलेच नसते, तेव्हा 'तुमचा अंगठा जुळत नाही' असे म्हणण्याचा अधिकार अजून कोणालाही नाही.

जुळत नाही हे सांगणारा आकडा वेगळा आहे. तो ३००. तो आधारच्या सर्व्हरवरून येतो. हळद, केळी, विटा, सिमेंट यांत हात घालणाऱ्यांच्या रेषा खरोखरच झिजतात आणि त्यांना हा आकडा येऊ शकतो. तसे झाले तर हात धुऊन, कोरडे करून दुसऱ्या बोटांनी पाहावे. तरीही न जमल्यास आधार केंद्रावर ठसे नव्याने द्यावेत आणि त्याच फेरीत चालू मोबाइल नंबर जोडून घ्यावा, म्हणजे पुढच्या वर्षी ओटीपीवर काम होते. जेथे सोय आहे तेथे डोळ्याची बुबुळे किंवा चेहराही चालतो. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी चेहऱ्याची सोय नोव्हेंबर २०२१ पासून झाली आहे.

हे पाच आकडे आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून त्या केंद्रावर यंत्राच्या वरच्या भिंतीला चिकटवले. केंद्रचालकाने खाली स्वतःच्या हाताने सहावा वाढवला आहे: ३३०, म्हणजे आधारधारकानेच आपले ठसे कुलूपबंद करून ठेवले आहेत आणि ते त्यालाच उघडावे लागतील.