सेव्हन सीटर घेताय? आधी शेवटच्या सीटवर बसून या

टुरिस्ट गाडीच्या धंद्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतोय. "सर, एर्टिगा घेऊ, की थोडं ताणून सफारी किंवा एक्सयूव्ही ७०० घेऊ? भाड्यालाही चालेल आणि घरच्यांनाही होईल."

"घरच्यांनाही" हा शब्द आधी बाजूला ठेवूया. भाडं मारायचं असेल तर टुरिस्ट पासिंग आणि पिवळी पाटी लागते. पांढऱ्या पाटीवर भाडी मारणारे तुम्हाला दिसतील, पण अपघात झाला की विमा कंपनी क्लेम नाकारते, तेव्हा ते कुणी व्हिडिओ करून सांगत नाहीत. त्यामुळे गाडी धंद्याची आहे असं धरूनच पुढचं वाचा.

आता सीट मोजू. सेव्हन सीटर म्हणजे सात गिऱ्हाईकं नव्हेत. एक सीट ड्रायव्हरची, म्हणजे सहा. सहा सीटरची कॅप्टन सीटवाली गाडी घेतली तर पाच. शोरूममध्ये त्या दोन वेगळ्या खुर्च्या राजेशाही दिसतात, आणि आपण तिथेच फसतो. माझ्याकडे कोर्सला आलेल्या एकाने अशीच गाडी घेतली होती. समजा, दोन दिवसांच्या ट्रिपचे तुम्ही १४,००० सांगितले. सहा जणांत वाटले तर माणशी २,३३३ पडतात, पाच जणांत २,८००. त्याच्याकडे चौकशीचे फोन यायचे, पण "आम्ही सहा आहोत" म्हटलं की बुकिंग शेजारच्या गाडीला. हप्ता मात्र त्याचाच जास्त.

मांडणीही बघा. एर्टिगा, एक्सयूव्ही ७००, सात सीटर सफारी यांची मांडणी २-३-२, म्हणजे शेवटच्या रांगेत दोघं. सात सीटर इनोव्हा क्रिस्टा आणि हायक्रॉस २-२-३, म्हणजे मागे तिघांची जागा धरलेली. कागदावर आकडा तोच, पण खांद्याला खांदा कुठे लागणार हे वेगळं. इनोव्हाची आठ सीटर येते ती २-३-३, धंद्याच्या हिशोबाने सात गिऱ्हाईकं.

आता मुख्य गोष्ट. गाडी बाहेरून मोठी दिसते म्हणून आत जागा जास्त, असं अजिबात नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधलं अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, ते एर्टिगाचं २,७४० मिलिमीटर आहे आणि सफारीचं २,७४१. फरक एका मिलिमीटरचा! एक्सयूव्ही ७००, स्कॉर्पिओ-एन आणि क्रिस्टा तिघींचं २,७५०. कॅरेन्सचं २,७८०, हायक्रॉसचं २,८५०. मग किमतीत एवढा फरक असताना आतली जागा का वाढत नाही? कारण उंच बोनेट, मोठी चाकं, जाड दरवाजे हे सगळं लांबी-रुंदी खातं. एर्टिगा आणि कॅरेन्सची आखणी मुळात माणसं बसवायला झालीय. एसयूव्हीचा रुबाब रस्त्यावर दिसतो, शेवटच्या रांगेत बसलेल्याला तो दिसत नाही.

सीटचा आराम म्हणजे गादी किती मऊ, असं बरेच जण धरतात. पाच मिनिटं बसलात तर मऊ गादीच छान वाटते. तीन तासांनंतर प्रश्न मांड्यांचा येतो. गाडीची फरशी उंच आणि सीट खाली असली की गुडघे वर येतात, मांडी सीटला टेकत नाही आणि सगळं वजन कमरेच्या खाली एका जागी येतं. शिडीसारख्या चासीवर बांधलेल्या गाड्यांत, म्हणजे स्कॉर्पिओ-एन किंवा क्रिस्टात, बॉडी चासीच्या वर बसते, त्यामुळे फरशी वर जाते. त्यात शेवटची रांग मागच्या चाकांच्या जवळ असल्याने प्रत्येक खड्डा तिथे आधी पोहोचतो. घाटात गाडी लागते ती बहुतेक वेळा मागच्यांनाच.

स्कॉर्पिओ-एनची मधली रांग पुढे-मागे सरकत नाही. एक्सयूव्ही ७०० चीही नाही. म्हणजे मधल्याने "थोडं पुढे घेतो" म्हणून मागच्याला जागा द्यायची सोयच नाही. मुलांना चालेल, मोठ्या माणसाला पुणे-कोल्हापूर नको. एर्टिगा आणि कॅरेन्समध्ये मधली सीट सरकते, आणि हा एकच गुण मला चामड्याच्या सीट कव्हरपेक्षा मोलाचा वाटतो. बोलेरोत मागच्या सीट आडव्या, तोंडाला तोंड. गावातल्या फेऱ्यांना ठीक, लांबच्या पार्टीला कुणी आनंदाने बसणार नाही. ट्रायबर चार मीटरच्या आत सात माणसं बसवते, कौतुक आहे, पण सगळ्या सीट उभ्या असताना डिकी ८४ लिटरची. एवढ्यात पूजेचं सामान मावेल.

आपल्याकडे पुण्याहून सगळ्यात जास्त मागणी असलेली एक ट्रिप म्हणजे अष्टविनायक. हिशोब करा. आठ देवळं, शिवाय चहा, जेवण, मुक्काम. दोन दिवसांत एक माणूस पंधरा-वीस वेळा गाडीत चढतो आणि उतरतो. पार्टीत आजी-आजोबा असतातच. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून-उतरून आलेल्या आजीला मधली सीट दुमडून, वाकून, पाय उचलून मागे जायला सांगा बरं. त्या बोलणार नाहीत, पण घरी गेल्यावर सूनबाईंना म्हणतील, "पुढच्या वेळी दुसरी गाडी सांग." तुमचं गिऱ्हाईक तिथे गेलं. म्हणून मागे शिरायची वाट किती रुंद आणि पायरी किती उंच, हे मी मायलेजच्या आधी बघतो. कॅरेन्सला बटण दाबलं की मधली सीट दुमडून बाजूला होते. क्रिस्टा आरामाला चांगली, पण चढायला उंच आहे, फूटस्टेप लावून घ्या.

आणि सामान? एर्टिगाची डिकी तिसरी रांग उभी असताना २०९ लिटर, कॅरेन्सची २१६. सहा माणसांच्या सहा बॅगा यात जात नाहीत, दोन-तीन जातात. एर्टिगा सीएनजी घेतली तर टाकी त्याच डिकीत बसते. इंधनाचे पैसे वाचतात हे खरं, पण विमानतळाची भाडी मारायची असतील तर बॅगा माणसांच्या मांडीवर येणार. म्हणून तुमची भाडी कसली हे आधी ठरवा. देवदर्शन, लग्नाचं वऱ्हाड, कंपनीची ने-आण असेल तर सीएनजी चालते. चार माणसं आणि मोठ्या बॅगा असतील तर तिसऱ्या रांगेची अर्धी सीट पाडून चालवावी लागते, आणि तसं असेल तर फोनवरच "सामान असेल तर चार-पाच जणच" असं स्पष्ट सांगत चला.

माझं मत विचाराल तर पहिली गाडी, कर्ज काढून घेताय, कुटुंबांची भाडी आहेत: एर्टिगा किंवा तिचं टुरिस्ट रूप टूर एम, नाहीतर कॅरेन्स. लांबच्या पार्ट्या पक्क्या आहेत, हप्ता झेपतोय: इनोव्हा. सफारीची तिसरी रांग वाईट नाही, पण त्या पैशात इनोव्हाचं गणित जास्त सरळ बसतं. स्कॉर्पिओ-एन आवडत असेल तर स्वतःसाठी घ्या, बिनधास्त.

शोरूमला एकटे जाऊ नका. घरातल्या उंच माणसाला आणि गुडघे दुखणाऱ्या आई-काकूंना बरोबर न्या, आणि घरातल्या दोन मोठ्या बॅगाही. आधी पुढची सीट ड्रायव्हरच्या उंचीला लावा, तिच्या मागे उंच माणूस बसवा, त्याला नीट बसू द्या आणि मग त्याच्या मागे तुम्ही शिरा. सेल्समन उलट करून दाखवतो, मधली सीट पुढे ढकलून "बघा सर किती जागा." वीस मिनिटं तिथेच बसा, एसीची हवा येते का बघा. टेस्ट ड्राइव्हला स्टिअरिंग दुसऱ्याला द्या. आई-काकूंना तीन वेळा चढ-उतर करायला सांगा आणि तिसऱ्या वेळी त्या काय म्हणतात ते लिहून घ्या.