वळता आलं पाहिजे

अ‍ॅनिमेशनच्या वर्गात नवा विद्यार्थी ओळखायला सोपा. तो एकाच चित्रावर तासभर बसतो. केसांच्या बटा, सदऱ्यावरच्या चुण्या, डोळ्यांतली चमक, सगळं मन लावून काढतो. शिक्षक येतात, बघतात आणि म्हणतात, "छान. आता ह्याला मागे वळून बघायला लाव." पेन्सिल तिथेच अडते. समोरून देखण्या दिसणाऱ्या त्या चेहऱ्याला बाजू नसते, पाठ नसते. नाक कवटीवर नेमकं कुठे बसलंय, याचा विचारच झालेला नसतो. हाताने काढायच्या अ‍ॅनिमेशनसाठी पात्र घडवायचं तर ते शेकडो वेळा, हव्या त्या कोनातून आणि वेगवेगळ्या माणसांच्या हातून तसंच उतरलं पाहिजे.

शेकडो हा आकडाही कमीच आहे. फिल्म सेकंदाला 24 फ्रेमच्या वेगाने धावते. बरंचसं काम 'टूज'वर चालतं, म्हणजे एक चित्र दोन फ्रेमपुरतं धरायचं. तरी सेकंदाला 12 चित्रं लागतात. पाच मिनिटांच्या फिल्ममध्ये एकच पात्र सतत हलत राहिलं तर 3600 कागद. तेव्हा सदऱ्याला बटणं दोन ठेवायची की सहा, हा प्रश्न जितका शोभेचा तितकाच मजुरीचा. डिस्नेच्या 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स'मध्ये (1961) इतके ठिपक्यांचे कुत्रे दिसतात, त्यामागेही हाच हिशेब आहे. तोवर पेन्सिलची प्रत्येक रेघ पारदर्शक सेलवर हाताने शाईत गिरवली जायची. झेरॉक्सच्या तंत्राने ती थेट सेलवर उतरू लागली आणि ठिपके परवडले. त्या फिल्मची किंचित खरबरीत, जिवंत रेघ हे त्याचंच फळ. आधीच्या गुळगुळीत डिस्नेपेक्षा ती डोळ्यांना जास्त सुखावते, असं म्हणणारे आजही पुष्कळ आहेत, आणि ते चुकीचं म्हणत नाहीत.

पात्र पक्कं झालं की त्याचं मॉडेल शीट बनतं. समोरून, पाऊण बाजूने, कडेने, पाठीमागून, हसताना, चिडताना, उंची किती डोक्यांची, हात खाली सोडला तर बोटं कुठवर येतात. यात लबाडीलाही जागा असते. मिकी माउसचे कान बघा. डोकं कुठेही वळलं तरी ते बहुतेक वेळा दोन गोल चकत्यांसारखेच दिसतात. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हे अशक्य, पण काळ्या सावलीवरूनही मिकी ओळखू येतो तो त्यामुळेच. सावलीची ही परीक्षा विद्यार्थ्यांनाही द्यावी लागते. पात्र काळ्या रंगाने पूर्ण भरून टाकायचं आणि तरी ते कोण आहे, काय करतंय, हे कळतं का ते बघायचं. हात पोटावर घेऊन उभं असलेलं पात्र इथे हमखास नापास होतं, कारण हात धडाच्या काळ्यात बुडून जातो.

उलट टोकाचं उदाहरण 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधल्या (1991) बीस्टचं. ग्लेन कीन या अ‍ॅनिमेटरने तो घडवताना सिंहाची आयाळ, बायसनचं डोकं, रानडुकराचे सुळे, गोरिलाच्या भुवया, अस्वलाचं धड आणि लांडग्याचे पाय एकत्र आणले. ही यादी वाचून गोधडीच डोळ्यांसमोर येते. पडद्यावर मात्र एकच प्राणी दिसतो, कारण त्याचं वजन एक आहे. तो पायऱ्या उतरतो तेव्हा सगळे अवयव एकाच ओझ्याखाली हलतात.

हे वजन शिकवायला सुरुवात होते ती चेंडूपासून. टेबलावर लाइटबॉक्स, त्यावर पेग बार, त्यात एक गोल आणि दोन लांबट खुंट्या. त्याच मापाची भोकं पाडलेले कागद खुंट्यांवर बसवायचे, म्हणजे खालचं चित्र वरच्या कागदातून दिसतं आणि तसूभरही सरकत नाही. चार-पाच कागद बोटांच्या पेरांत धरून भराभर उलटायचे, याला फ्लिप करणं म्हणतात. चांगल्या अ‍ॅनिमेटरचा डावा हात हेच करत असतो आणि त्या फडफडीवरून खोलीत कोण कामात आहे ते कळतं.

पहिल्या प्रयत्नात जवळपास सगळे चेंडूची चित्रं सारख्या अंतरावर काढतात. असा चेंडू पडत नाही, पाण्यात सोडल्यासारखा तरंगतो. उसळीच्या माथ्यावर चित्रं एकमेकांना खेटून हवीत, जमिनीकडे येताना अंतर वाढत जायला हवं. आपटल्यावर चेंडू दबला तर तेवढाच आडवा पसरायला हवा, नाहीतर त्याचं आकारमान कमी झाल्याचा भास होतो. चित्रांमधलं अंतर बदललं की चेंडू रबराचा, लोखंडाचा किंवा फुग्याचा होतो, चित्र बदलावंच लागत नाही. काही दिवस फक्त गोल काढत बसलेल्या पोरांना हे उमगतं तेव्हा ती एकदम गप्प होतात.

चेंडूनंतर चाल. दोन्ही पाय फाकून जमिनीला टेकलेले, ही पहिली मुख्य अवस्था. शरीर सगळ्यात खाली असतं ते इथेच, असं वाटतं. पण ते त्याच्या पुढच्या क्षणी, भार पेलताना पुढचा गुडघा वाकतो तेव्हा. मग मागचा पाय पुढे येताना शरीर उचललं जातं आणि टेकलेल्या पायाच्या टाचेने जमीन सोडली की सर्वात उंच जातं. साध्या चालीला पावलामागे साधारण 12 फ्रेम. दमलेल्याला जास्त, लगबगीत असणाऱ्याला कमी. निरीक्षणाला दादर स्टेशनचा पूल पुरतो. खांद्यावरची पिशवी एका बाजूला कशी ओढते आणि डोकं विरुद्ध बाजूला कसं कलतं, ते कुठल्याही पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं.

मुंबईत ही विद्या पद्धतशीर शिकवली जाऊ लागली ती 1956 पासून. डिस्नेत 'बॅम्बी'वर काम केलेले क्लेअर वीक्स फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून फिल्म युनिटमध्ये शिकवायला आले. जातककथेवरचा 'द बनियन डिअर' (1957) हे त्या शिकवणीचं फळ. त्यातली हरणं पाहताना बॅम्बी आठवल्याशिवाय राहत नाही. तिथे शिकणाऱ्यांत राम मोहन होते, शिक्षणाने रसायनशास्त्राचे पदवीधर. पुढे जपानी निर्माते युगो साको यांच्याबरोबर त्यांनी 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम' केला. जपानी चित्रकारांना धोतर कसं नेसतात, थोरांचा आशीर्वाद कसा घेतात, हे भारतीय मंडळींनी समजावून दिलं. पात्राचं मॉडेल शीट बिनचूक असलं तरी वाकून नमस्कार करताना पाठ कशी वळते, हे त्यावर लिहिलेलं नसतं. राम मोहन यांच्याच स्टुडिओत जे. जे. कला महाविद्यालयातून आलेल्या गीतांजली राव यांनी हे काम हाताखाली शिकून घेतलं, आणि नंतर एकटीने फ्रेमगणिक रंगवलेली 'प्रिंटेड रेनबो' 2006 साली कान चित्रपट महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये गौरवली गेली.

थोड्या चित्रांत किती साधतं हे पाहायचं तर 1974 सालचा 'एक अनेक और एकता' पुन्हा बघावा. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं, संगीत वसंत देसाईंचं. दूरदर्शनवर वाढलेल्या पिढीला तो पाठ आहे, पण तो गाणं म्हणून. आवाज बंद करून बघितला तर पात्रं किती सपाट आणि मोजक्या रेघांची आहेत ते दिसतं, आणि तरीही एकीची गोष्ट सांगणाऱ्या ताईचा समजावणीचा सूर आणि धाकट्या भावाचं कुतूहल निव्वळ उभं राहण्याच्या ढबीतून पोचतं. बॅम्बीच्या श्रीमंतीपेक्षा ही काटकसर शिकाऊ हाताला जास्त उपयोगाची आहे.

संगणकावर यूट्यूबवर हीच फिल्म लावली असेल तर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळा दाबा. चित्र एकेक फ्रेमने मागेपुढे सरकतं. पाखरं जाळं घेऊन उडतात तो भाग निवडा आणि चित्रं कुठे खेटून आहेत, कुठे विरळ होतात, ते कागदावर टिंबांनी मांडून बघा.