पुरुषोत्तम करंडक
पुरुषोत्तम करंडक : पुण्यातील आंतरमहाविद्यालयीन मराठी एकांकिका स्पर्धा. महाराष्ट्रीय कलोपासक या नाट्यसंस्थेने पुरुषोत्तम वझे यांच्या स्मरणार्थ ती १९६३ मध्ये सुरू केली. पुण्याची फेरी पावसाळ्यात भरत नाट्य मंदिरात होते. पुढे इतर शहरांतही केंद्रे निघाली. संयोजन संस्थेकडे असले, तरी स्पर्धेचा खरा विस्तार विद्यार्थ्यांनीच घडविला. नेपथ्य, प्रकाशयोजना यांपेक्षा लेखन, दिग्दर्शन व अभिनय यांना येथे महत्त्व असल्याने तुटपुंज्या साधनांचा संघही बरोबरीने उतरू शकतो. तालमीची शिस्त ज्येष्ठ विद्यार्थ्यांकडून नवागतांकडे जाते. एका वर्षी पडद्यामागे राबणारा मुलगा पुढील वर्षी रंगमंचावर दिसतो. प्रेक्षागृहातील महाविद्यालयांच्या घोषणा मात्र एकांकिकांइतक्याच गाजतात व क्वचित रसभंगही करतात. शिक्षण संपताच असे संघ विखुरतात, ही त्यांची मोठी उणीव होय. तीवर मात करून या स्पर्धेत घडलेल्या काही तरुणांनी २००८ मध्ये ‘नाटक कंपनी’ ही प्रायोगिक संस्था काढली. २०२२ मध्ये एकही एकांकिका पात्र न वाटल्याने परीक्षकांनी करंडक कोणासही दिला नाही. असे प्रथमच घडले आणि दर्जा राखावा की विद्यार्थ्यांची उमेद, यावर रंगकर्मींत वाद झाला.