रात्री वीज स्वस्त? घाटंजीतल्या घरांसाठी सवलत दिवसाची आहे

“रात्री दहानंतर वीज फुकट मिळते म्हणे, खरं का?” घरी टीओडी मीटर बसला की हा प्रश्न येतोच. काही घरांत त्यावर अंमलही सुरू झाला आहे. दिवसभर राबलेली बाई रात्री अकराला इस्त्री घेऊन बसते, मोटर बारानंतर लावली जाते. या जागरणातून एक पैसाही वाचत नाही. महावितरणने घरगुती ग्राहकांना दिलेली सवलत सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेची आहे.

गैरसमज अगदीच निराधार नाही. पूर्वी कारखान्यांना रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत स्वस्त वीज मिळायची. कोळशाची केंद्रे रात्री बंद ठेवता येत नाहीत आणि तेव्हा मागणी कमी असते, म्हणून. आपल्या भागातल्या शेतकऱ्यांनी तर रात्रीच्या लाइनवर विंचू-काट्यात ओलित केले आहे. आता सौर वीज वाढली आणि दुपारीच वीज मुबलक असते. त्यामुळे सवलतही रात्रीतून दिवसात आली.

फुकट रात्रीची गोष्ट आहे ती अमेरिकेतल्या टेक्सास राज्याची. तिथे खासगी वीज कंपन्या अशा योजना विकतात, पण रात्र फुकट देताना दिवसाचा दर चढवतात. समजा साध्या योजनेत युनिट 12 रुपयांना आहे आणि फुकट रात्रीच्या योजनेत दिवसाचे युनिट 18 रुपयांना. मग एकूण विजेचा तिसरा हिस्सा रात्री वापरला तर दोन्ही बिले सारखीच येतील. त्याहून जास्त वापरला तर फायदा, कमी वापरला तर तोटा. म्हणजे “फुकट” शब्द ऐकला की उरलेल्या तासांचा दर आधी विचारायचा.

आपल्याकडे 1 जुलै 2025 पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला दिवसाच्या या आठ तासांत युनिटमागे 80 पैसे सूट सुरू झाली. ती टप्प्याटप्प्याने वाढून 2029-30 मध्ये 1 रुपया व्हायची आहे. जुना मीटर असेल तर ही सूट नाही, कारण कोणत्या तासाला किती वीज गेली हे त्या मीटरला कळतच नाही.

आता घाटंजीतल्या मे महिन्याचा हिशोब मांडू. घरात एक कूलर, दोन पंखे, फ्रीज, पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन. कूलर 180 वॅटचा, दुपारी पाच तास चालला तर महिन्याला 27 युनिट. फ्रीजचा दिवसाचा वाटा साधारण 12 युनिट. दोन्ही पंखे दिवसा चार-चार तास धरले तर 18. झाले 57 युनिट, म्हणजे 45 रुपयांच्या आसपास सूट. ही काहीच न बदलता मिळते. रात्रीचा कूलर मात्र रात्रीच लागणार, तो काही दुपारी चालवून थंडावा साठवता येत नाही. रमजानमध्ये सहरीचा स्वयंपाक आणि तरावीहनंतरचे पंखे यांचेही तेच.

हलवता येते ते काय? मोटर रोज अर्धा तास, आठवड्याला तीन तास इस्त्री, महिन्यात पंधरा वेळा मशीन. सगळे मिळून 28 युनिटच्या आत-बाहेर. हे सारे दिवसा केले तर 22 रुपये वाचतील. नाही म्हणायला हरकत नाही, पण त्यासाठी कोणाची झोप किंवा रोजी मोडू नये. घरी शिलाईचे काम करणाऱ्या, दिवसभर मशीन आणि इस्त्री चालवणाऱ्या बहिणींना थोडे जास्त मिळेल. (मीटर दुकानाचा असेल तर त्याचा दर आणि नियम वेगळे.)

खरा पैसा दुसरीकडे आहे. महावितरणच्या घरगुती बिलात 100, 300 आणि 500 युनिटला पायरी बदलते आणि प्रत्येक पायरीवर दर चढतो. सवलतीच्या वेळेत वापरलेले युनिटही या मोजणीत धरले जाते. म्हणून “दिवसा स्वस्त आहे, चालू दे कूलर” असे केले तर 80 पैसे कमावताना वरच्या पायरीचा दर खिशातून जाईल. उलट वाचलेले युनिट सर्वात महाग पायरीतून कमी होते. साधा पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. रोज बारा तास चालला तर महिन्याला 16 युनिट वाचतात. तुमच्या शेवटच्या पायरीचा दर 10 रुपये धरला तरी 160 रुपये होतात, एकाच पंख्यावर. हा पंखा अडीच-तीन हजारांना पडतो. तो पैसा निघायला वर्षात नऊ महिने पंखा चालणाऱ्या घरात साधारण दोन वर्षे लागतात.

बिल आले की एकूण रकमेवर थांबू नका. टीओडी सवलतीची ओळ शोधा आणि तिथली रक्कम त्या वर्षीच्या सवलतीच्या दराने भागा. दिवसाचे युनिट निघतील. मीटर बदलूनही ती ओळ कोरी असेल तर बिल घेऊन महावितरणच्या कार्यालयात जा आणि लेखी अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.